चंद्र नक्की कुठे होता? पंचांगाने सोडवलेलं कोडं

आज एक कोडं सोडवूया. हे कोडं टाइमपासचं नाही बरं का. याच्या उत्तरावर एका तरुणाचा जीव अवलंबून होता.

२९ ऑगस्ट १८५७. अमेरिकेतलं इलिनॉय राज्य. एका धार्मिक मेळाव्याच्या जवळ रात्री मारामारी झाली. जेम्स मेट्झकर त्यात जखमी झाला आणि पुढे दगावला. खुनाचा आरोप आला डफ आर्मस्ट्राँगवर. मुख्य साक्षीदार चार्ल्स ॲलन. त्याचं म्हणणं असं की, रात्री अकराच्या सुमारास चंद्र वर होता, लख्ख चांदणं होतं, म्हणून सुमारे दीडशे फुटांवरूनही आपल्याला सगळं दिसलं.

आता तुमच्यासाठी क्लू: अर्धा चंद्र दोन दिवसांपूर्वीच होऊन गेला होता. म्हणजे आपल्या हिशोबाने शुक्ल अष्टमी उलटून दोन दिवस झाले होते. मग साक्षीदाराचं म्हणणं पटतं का? हवं तर इथे पॉज करा.

झालं? चला, पायरी पायरीने जाऊ.

अमावास्येला चंद्र सूर्यासोबतच उगवतो आणि मावळतो. पौर्णिमेला सूर्य मावळतो तेव्हा चंद्र उगवतो. शुक्ल अष्टमी या दोन्हींच्या मधोमध. त्या दिवशी चंद्र साधारण दुपारी बाराला उगवतो, सूर्यास्ताला आकाशात सगळ्यात उंच असतो आणि मध्यरात्रीच्या आसपास मावळतो. पुढे रोज सरासरी पन्नास मिनिटं उशीर.

म्हणजे दोन दिवसांनी चंद्र रात्री आठच्या सुमारास सगळ्यात उंच असणार. अकरा वाजता तो पश्चिमेकडे कललेलाच हवा. डोक्यावर असूच शकत नाही!

आणखी एक गोष्ट. ऑगस्टअखेरीस उत्तर गोलार्धातून या कलेचा चंद्र आकाशात दक्षिणेकडून, खालून खालून जातो. त्यामुळे तो आपल्या ढोबळ हिशोबापेक्षा लवकर मावळतो. त्या रात्री तो मध्यरात्रीनंतर काही मिनिटांतच मावळला. म्हणजे अकरा वाजता तो क्षितिजाच्या बराच जवळ आला होता.

७ मे १८५८ रोजी बीअर्ड्सटाउनच्या कोर्टात डफच्या वकिलाने अल्मनॅक, म्हणजे तिकडचं पंचांगच म्हणा, ज्युरीसमोर ठेवलं. साक्षीदाराचा चंद्र आणि पंचांगातला चंद्र जुळेना. डफ सुटला. आणि तो वकील? अब्राहम लिंकन! पुढे १८६१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले. डफचे वडील त्यांचे जुने मित्र, म्हणून ही केस त्यांनी फी न घेता लढवली होती.

पण एक लक्षात घ्या. डफ निर्दोष होता, हे पंचांगाने सिद्ध केलं नाही. साक्षीदाराने सांगितलेला उजेड त्या वेळी तसा नव्हता, एवढंच दाखवलं. कोडं सोडवताना हीच शिस्त लागते: क्लू जेवढं सांगतो तेवढंच उत्तर घ्यायचं, वरचं आपल्या मनाने जोडायचं नाही. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो तपासतानाही हेच.

जाता जाता एक होमवर्क. कुणी म्हणालं, "कोजागरीला रात्री नऊ वाजता गच्चीवर दूध आटवत होतो, समोर पश्चिमेला चंद्र मावळत होता." यात काय गडबड आहे? मोबाइल बाजूला ठेवा, आजचंच सूत्र लावा आणि उत्तर शोधा. भेटूया पुढच्या भागात!