पांबन: उठणारा आणि नेमका बसणारा पूल

तमिळनाडूतल्या रामेश्वर बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पांबनचा रेल्वेपूल 24 फेब्रुवारी 1914 रोजी सुरू झाला. काशी-रामेश्वर यात्रेला निघालेल्या मराठी कुटुंबांच्या कित्येक पिढ्या त्यावरून गेल्या. जहाजांना वाट देण्यासाठी त्यात दोन पाखांचा एक गाळा होता आणि कर्मचारी हातांनी दांडे फिरवून ती पाखे वर उचलत. डिसेंबर 1964 च्या चक्रीवादळात बहुतेक गर्डर वाहून गेले, पण हा गाळा टिकला. पुढे कोकण रेल्वे उभारणारे ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली पूल 46 दिवसांत पुन्हा वाहतुकीस योग्य झाला. खाऱ्या वाऱ्याने पोलाद मात्र झिजतच राहिले. डिसेंबर 2022 मध्ये जुन्या पुलावरची वाहतूक थांबवावी लागली. त्याच्या शेजारी रेल विकास निगमने बांधलेल्या नव्या पुलाचे उद्घाटन 6 एप्रिल 2025 रोजी झाले.

पश्चिम रेल्वेवर विरारहून वाणगाव-डहाणूकडे जाताना वैतरणेवर जे पूल लागतात, ते स्थिर आहेत. अशा पुलाचा गर्डर एकदा बेअरिंगवर बरोबर बसला की पुढे काम उरते ते देखभालीचे. हलणाऱ्या पुलाची गोष्ट वेगळी असते. त्याचा गाळा प्रत्येक वेळी वर जाऊन त्याच जागी, त्याच पातळीवर परत बसावा लागतो. म्हणून असा पूल बदलताना मापाची अचूकता दोनदा कसाला लागते: आधी बांधताना, मग रोज चालवताना.

पहिले काम आखणीचे. नवा पूल सुमारे 2.08 किलोमीटर लांब असून जुन्याहून सुमारे 3 मीटर उंच आहे. दोन्ही टोके मात्र आधीपासून असलेल्या रेल्वेमार्गालाच मिळायला हवीत, दिशेने आणि उंचीनेही. त्यासाठी किनाऱ्यावर पक्के संदर्भबिंदू ठरवून, त्यांच्या आधारे भर समुद्रात प्रत्येक खांबाची जागा मोजून काढतात. उन्हाने पोलादाची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापली तर गर्डर किंचित वाकतो. त्यामुळे अशी नाजूक मापे पहाटे किंवा तापमान स्थिर असताना घेणे चांगले.

सर्वांत अवघड भाग होता 72.5 मीटर लांबीचा आणि सुमारे 660 टन वजनाचा उचलता गाळा त्याच्या जागी नेण्याचा. तो रामेश्वर बेटाच्या बाजूला जोडून मार्च 2024 पासून पुलावरून थोडा थोडा पुढे सरकवण्यात आला. या कामाला काही महिने लागले. वाटेत 2.65 अंशांचे वळण होते. रेल्वेच्या हिशेबात याचा अर्थ सुमारे 660 मीटर त्रिज्येचा वर्तुळखंड. गाळा सरळ आणि वाट वाकडी, अशी ही अडचण. गाळ्याची दोन्ही टोके वळणाच्या मध्यरेषेवर ठेवली, तर त्याचा मधला भाग त्या रेषेपासून जवळपास 1 मीटर बाजूला पडतो. त्यामुळे नुसते पुढे ढकलून भागत नाही; गाळा पुढे जाताना त्याची दिशाही सतत बदलत न्यावी लागते. प्रत्येक टप्प्यावर भार कोणत्या आधारावर किती येतो, हेही पाहावे लागते.

जागेवर पोहोचलेला गाळा 34 मीटर उंचीच्या दोन मनोऱ्यांमध्ये लोंबतो. पोलादी दोर त्याच्या टोकांपासून मनोऱ्यांवरच्या मोठ्या चाकांवरून जातात आणि पलीकडे त्यांना प्रतिभार जोडलेले असतात. विहिरीच्या रहाटाला पोहऱ्याइतकेच वजन दुसऱ्या बाजूला बांधावे, तसा हा प्रकार आहे. गाळ्याचे बरेचसे वजन प्रतिभार तोलून धरतात, म्हणून मोटारींना तुलनेने थोडीच शक्ती लागते. गाळा 17 मीटर वर जातो आणि समुद्रपातळीपासून सुमारे 22 मीटरपर्यंतची वाट मोकळी होते.

खरी कसोटी दोन्ही टोके एकाच वेगाने वर-खाली होण्याची असते. एक टोक मागे पडले की गाळा तिरपा होतो, मनोऱ्यातल्या मार्गदर्शक पट्ट्यांना घासतो आणि दोरांवर असमान ताण येतो. म्हणूनच अशा पुलांत दोन्हीकडच्या यंत्रणा एकमेकींशी जुळवून चालवतात, दोरांचे ताण वेळोवेळी सारखे करतात आणि तिरपेपणा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तर हालचाल थांबवतात. पांबनला उद्घाटनाच्याच दिवशी खाली येणारा गाळा तांत्रिक बिघाडामुळे काही वेळ अडकला होता.

खाली आलेल्या गाळ्याची टोके बेअरिंगवर टेकतात. मग तो मध्यरेषेत आणून कुलूपबंद करतात. त्यानंतर प्रश्न उरतो रुळांचा. गाळ्यावरचा रूळ आणि शेजारच्या स्थिर गाळ्यावरचा रूळ यांच्यात फट ठेवावीच लागते, कारण पोलाद उष्णतेने लांबते. तापमान 20 अंश सेल्सियसने वाढले, तर 72.5 मीटरचा गाळा सुमारे 17 मिलिमीटर लांब होतो. फट फार लहान असेल तर उन्हाळ्यात रूळ एकमेकांना भिडतात आणि गाळा उठताना किंवा बसताना अडतो. फार मोठी असेल तर प्रत्येक चाक तिथे आदळते. यावर तोडगा म्हणून सांध्यात रुळांची टोके तिरकी कापून एकमेकांशेजारी बसवतात. असे केल्याने चाकाचा भार एका रुळावरून दुसऱ्यावर हळूहळू जातो. पण हे साधण्यासाठी दोन्ही रुळांचे माथे एका पातळीत आणि कडा एका रेषेत असाव्या लागतात.

गाळा पूर्ण बसला, कुलूप लागले आणि रूळ जुळले, हे यंत्रणेने नोंदवल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळू नये, अशी जोडणी अशा पुलांवर केलेली असते. त्याउपरही रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी नव्या पुलावर ताशी 75 किलोमीटर वेगाला परवानगी देताना उचलत्या गाळ्यापुरती मर्यादा 50 ठेवली. सांधा कितीही काटेकोर बसवला, तरी हलणारा भाग कायमच्या बसलेल्या गर्डरइतका दृढ मानला जात नाही, हेच या दोन आकड्यांतल्या फरकावरून दिसते.