नाकाविना श्वास

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात डोके तुटलेले झुरळ चालत असलेले पाहून आलेल्या सातवीतील मुलीने इतिहासाच्या तासालाच विचारले, "सर, नाक गेले, मग ते श्वास कशाने घेते?" प्रश्न विज्ञानाचा होता; परंतु त्याच्या उत्तरालाही इतिहास आहे.

कीटक श्वासच घेत नाहीत, असे ॲरिस्टॉटलचे मत होते. इ. स. १६६९ मध्ये इटलीतील मार्सेलो माल्पिघी यांचा रेशीमकिड्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. या अळीच्या दोन्ही कुशींवर प्रत्येकी नऊ ठिपके दिसतात. ती हवा आत जाण्याची द्वारे आहेत, हे त्यांनी विच्छेदनाने दाखविले. त्या द्वारांना तेल लावताच अळ्या गुदमरून मेल्या. एवढ्या मोठ्या तत्त्ववेत्त्याचे मत खोडायला तेलाचा थेंब पुरला!

या द्वारांना श्वासरंध्रे म्हणतात. झुरळाला ती दहा जोड्या असतात. दोन वक्षावर, आठ उदरावर. डोक्यावर एकही नाही. म्हणूनच डोके गेले तरी श्वसन थांबत नाही. रंध्रांपासून निघणाऱ्या वायुनलिका शाखा-उपशाखांनी विभागत जातात. त्यांच्या भित्तींत कायटिनचे सर्पिल वेढे असल्याने त्या चेपत नाहीत. शेवटच्या शाखा तर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या बारीक होऊन थेट पेशींना भिडतात. आपल्या शरीरात प्राणवायू रक्तातील हिमोग्लोबिन वाहून नेते. बहुतेक कीटकांच्या रक्तात ते नसतेच. येथे हवाच पेशीच्या दारी पोहोचते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लहान कीटकांना वायूचे आपोआप होणारे विसरण पुरते. नाकतोडा मात्र पोट आकुंचित-प्रसरित करून हवा खेळवतो. रंध्रे सतत उघडी राहिली तर शरीरातील पाणी उडून जाईल, म्हणून गरजेप्रमाणे ती मिटतात.

माजी विद्यार्थ्यांना पावसाळ्यातील ते काम आठवत असेल: वसतिगृहामागील डबक्यांत जळके ऑइल ओतण्याचे. वासाने सारेच वैतागत. डासाची अळी पाण्यात राहते, पण श्वास घेते तो हवेतलाच. क्युलेक्सची अळी शेपटाकडील नळी पृष्ठभागाला टेकवून उलटी लोंबते; हिवताप पसरविणाऱ्या ॲनोफिलीसच्या अळीला तशी नळी नसते, ती पृष्ठभागालगत आडवी पडून राहते. तेलाचा पातळ थर दोघींचीही रंध्रे बंद करतो. माल्पिघींचेच तेल ते! हिवतापाने थरथरणाऱ्या मुलांच्या अंगावर आम्ही घोंगड्या टाकल्या, त्यांच्याच सोबत्यांकडून डबक्यांत ऑइल ओतवून घेतले. पण ते का ओतायचे, हे तेव्हा मी कोणालाही सांगितले नव्हते.