झिजलेल्या शाफ्टवर धातूचा फवारा : लेप पक्का की पोकळ?

पंपाचा शाफ्ट ग्लँडपाशी झिजला की पॅकिंग कितीही आवळा, पाणी गळायचे थांबत नाही. ऐन उन्हाळ्यात उभा ऊस वाळत असतो आणि नव्या शाफ्टची वाट पाहणे परवडत नाही. अशा वेळी झिजलेल्या जागी वितळलेल्या धातूचा फवारा मारून शाफ्ट लेथवर पुन्हा मापात आणता येतो. ही युक्ती स्वित्झर्लंडच्या मॅक्स शूप यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी काढली. पण वरून चकचकीत दिसणारा लेप आतून कसा आहे, हे कसे ओळखायचे?

गोवरीवर गोवरी

धातूची तार ज्योतीत किंवा विजेच्या आर्कमध्ये वितळते. दाबाची हवा तिचे बारीक थेंब करून ते शाफ्टवर आदळवते. भिंतीवर गोवरी थापावी तसा प्रत्येक थेंब चपटा होऊन चिकटतो. गोवरीवर गोवरी रचली की मधे फटी राहतात, तशा लेपातही बारीक पोकळ्या राहतात. शिवाय उडत्या थेंबावर हवेतल्या प्राणवायूमुळे ऑक्साइडची साय धरते. फवाऱ्याची बंदूक फार लांब धरली तर ही साय वाढते.

पोकळी सर्वत्र वाईट नसते. तेलात फिरणाऱ्या शाफ्टवर ती तेल धरून ठेवते. पाण्यात मात्र जोडलेल्या पोकळ्यांतून ओलावा झिरपतो, खालचे लोखंड गंजते आणि पापुद्रा सुटतो. पोलादी लेपात थोडे ऑक्साइड कठीणपणा देते. ते फार झाले तर लेप ठिसूळ होतो.

मोजणी कशी होते?

कामाबरोबरच एका वेगळ्या लोखंडी तुकड्यावर तसाच फवारा मारतात. तो तुकडा कापून राळेत बसवतात, आरशासारखा घासतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. धातू उजळ, ऑक्साइड करडे, पोकळी काळी दिसते. त्यावर बिंदूंची जाळी धरून मोजतात. समजा, २५ बिंदूंची जाळी २० ठिकाणी धरली, म्हणजे ५०० बिंदू झाले. त्यांतले ४० काळ्यावर पडले तर पोकळी ८ टक्के आणि ६० करड्यावर पडले तर ऑक्साइड १२ टक्के. कापलेल्या पृष्ठावरचे हे प्रमाण आतल्या घनफळालाही लागू पडते, हे फ्रान्सच्या डेलेस यांनी १८४७ साली दगडांबाबत दाखवले. मात्र जागा पीक कापणी प्रयोगाप्रमाणे न निवडता घ्यायच्या; चांगला कोपरा तेवढा पाहिला तर हिशेब फसतो. आता ही मोजणी संगणकही करतो.

खरी मेख घासण्यात आहे. घाई केली तर ठिसूळ ऑक्साइड निखळते आणि तो खड्डा पोकळी म्हणून मोजला जातो. उलट मऊ धातू सारवला गेला तर खऱ्या पोकळ्या बुजतात. म्हणून निर्वातात रंगीत राळ आधीच आत शिरवतात. रंग दिसला तर पोकळी खरी; रिकाम्या खड्ड्याबद्दल शंका घ्यावी.

आपण काय विचारावे?

एका लहान पंपासाठी कोणी प्रयोगशाळा गाठत नाही. पण तेल-ग्रीस काढून जागा खरखरीत केली का, पाण्यातल्या लेपाला सीलर लावला का, एवढे जरूर विचारा. उपसा सिंचन संस्थेच्या मोठ्या पंपाचे काम असेल तर नमुन्याचा तुकडा आणि त्याची मोजणी मागून घ्या. आणि एक ध्यानात ठेवा : फवारा झीज भरून काढतो, ताकद नाही. तडा गेलेला शाफ्ट बदलावाच लागतो.