शस्त्रक्रियांचा क्रम आणि रुग्णाची प्रतीक्षा

कर्ली नदी व अरबी समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या भूपट्टीवर मालवण तालुक्यातील देवबाग हे गाव वसले आहे. तेथील रुग्णाला ओरोसच्या शासकीय रुग्णालयात शस्त्रक्रियेसाठी जावयाचे झाल्यास मालवण, कसाल असा प्रवास करावा लागतो. संपूर्ण भूल देण्यापूर्वी सामान्यतः सहा तास अन्न व दोन तास पाणी वर्ज्य असते. अशा वेळी शस्त्रक्रिया आयत्या वेळी पुढे ढकलली गेली, तर उपवास, प्रवासखर्च व सोबतच्या नातलगाचा बुडालेला रोजगार ही सारी झीज व्यर्थ जाते. म्हणून शस्त्रक्रियांचे वेळापत्रक हा केवळ कार्यालयीन सोयीचा प्रश्न नव्हे.

या प्रश्नाचे मूळ कालावधीच्या अनिश्चिततेत आहे. उदाहरणादाखल, एका शस्त्रक्रियागृहात सकाळी तीन शस्त्रक्रिया योजिल्या आहेत असे गृहीत धरू. अंतर्गळाच्या दोन शस्त्रक्रियांना सरासरी प्रत्येकी ६० मिनिटे लागतात व त्यांचे प्रमाण विचलन १० मिनिटे आहे. तिसरी गुंतागुंतीची असून तिची सरासरी १८० व प्रमाण विचलन ६० मिनिटे आहे. तिन्ही कालावधी परस्परनिरपेक्ष मानले, तर मोठी शस्त्रक्रिया प्रथम घेतल्यास उरलेल्या दोन रुग्णांच्या प्रारंभवेळेचे विचलन अनुक्रमे ६० व ६१ मिनिटे येते. लहान शस्त्रक्रिया प्रथम घेतल्यास तेच १० व १४ मिनिटांवर उतरते. सरासरी प्रतीक्षाही १४० मिनिटांवरून ६० मिनिटांवर येते. शेवटच्या रुग्णास केव्हा बोलवावे व त्याचा उपवास केव्हा सुरू करावा, हे मग बऱ्याच निश्चितपणे सांगता येते.

तथापि संपूर्ण सत्र संपण्याच्या वेळेचे विचलन दोन्ही क्रमांत सुमारे ६२ मिनिटेच राहते. अनिश्चितता नष्ट होत नाही. ती कोणी सोसावी, एवढेच क्रम ठरवितो. पहिल्या क्रमात ती ताटकळणाऱ्या रुग्णांच्या वाट्याला येते. दुसऱ्यात ती सत्राच्या अखेरीस सरकते आणि शल्यविशारद, भूलतज्ज्ञ व परिचारिका यांच्या जादा वेळेचे रूप घेते. त्यासाठी सत्राच्या अखेरीस काही अवधी राखून ठेवला नाही, तर मोठ्या शस्त्रक्रियेचा रुग्णच माघारी जाईल.

अर्थात वैद्यकीय अग्रक्रम या गणिताच्या वरचा होय. बालके व मधुमेही रुग्ण आधी, जंतुसंसर्गाचे रुग्ण शेवटी, हा प्रघात सकारण आहे, आणि तातडीच्या प्रसूतिशस्त्रक्रियेपुढे कोणतेही वेळापत्रक टिकत नाही. या मर्यादा सांभाळून उरलेला क्रम मात्र सवयीवर न सोडता कालावधीच्या नोंदी ठेवून ठरविणे इष्ट होय. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. प्रत्येक शस्त्रक्रियेच्या प्रारंभाची व समाप्तीची वेळ नेमाने टिपणारी एक वही पुरते.