हृदयाची घडण आणि पाबळची कार्यशाळा

मौजे डिंगोरे येथील, किंबहुना जुन्नर तालुक्यातील कोणत्याही गावच्या, शाळकरी मुलास हृदयाची आकृती काढावयास सांगितली, तर तो चार खणांची चौकट आखून एका बाजूचे दोन खण निळे व दुसरीकडचे तांबडे रंगवील आणि पूर्ण गुण मिळवील. रक्ताभिसरणाचा क्रम शिकविण्यास ही आकृती पुरेशी असली, तरी त्या इंद्रियाच्या घडणीविषयी ती जी समजूत मनात रुजविते, ती बरीचशी चुकीची असते. वस्तुतः उजवे निलय बव्हंशी पुढच्या अंगास, छातीच्या हाडामागे असते; डावे अलिंद सर्वांत मागे, अन्ननलिकेस जवळजवळ टेकलेले असते; आणि फुप्फुस-धमनी महाधमनीच्या पुढून निघून तिला तिरका वळसा घालीत मागे वळते. शिवाय डाव्या निलयाचे स्नायुतंतू अशा पिळाने गुंफलेले असतात की, ते निलय आकुंचन पावताना नुसते आवळले जात नाही, तर पिळलेही जाते. हे सारे सपाट कागदावर उतरत नाही.

ही अडचण जुनीच आहे. १५१३ च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने बैलाच्या हृदयाचा मेणाचा साचा घेऊन त्यावरून काचेची महाधमनी घडविण्याची आणि तीतून गवताचे बी मिसळलेले पाणी सोडून झडपांजवळचे भोवरे निरखण्याची योजना आपल्या टिपणांत लिहून ठेविली होती.

आज मेणाची जागा संगणकाने घेतली आहे. सीटी अथवा एमआरआय यंत्र छातीची चित्रे काकडीच्या चकत्यांप्रमाणे एकामागून एक घेते; त्यांतील रक्ताची पोकळी व स्नायू यांची सीमा संगणकाच्या साह्याने, परंतु जाणत्या डोळ्याच्या देखरेखीखाली, आखली जाते; आणि मग थ्रीडी प्रिंटर मिलिमीटरच्या दशांशाइतके पातळ थर एकावर एक चढवून त्या विशिष्ट रुग्णाचेच हृदय हातात देतो. काही बालकांत दोन्ही प्रमुख वाहिन्या उजव्याच निलयातून निघतात. तेथे दोन निलयांमधील पडद्यातील छिद्रापासून महाधमनीपर्यंत आतून मार्ग बांधता येईल की नाही, हा शल्यविशारदापुढचा निर्णायक प्रश्न असतो, आणि प्रतिकृती कापून आत डोकावल्यास त्याचा विचार छाती उघडण्यापूर्वीच करता येतो. अर्थात ही प्रतिकृती स्पंदनाच्या एकाच क्षणाची असते, आणि झडपांच्या पातळ पाळ्या तीत नीट उमटत नाहीत, हेही शिकणाऱ्यास सांगितलेच पाहिजे.

ही विद्या आपल्या टापूस परकी नाही, याचे मला विशेष समाधान वाटते. शेजारच्या शिरूर तालुक्यात, पाबळ येथे, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापिला. हाताने काम करता करता शिकावे, हे त्यांच्या शिक्षणाचे सूत्र होते. अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने २००२ मध्ये तेथे फॅब लॅब उभी राहिली, आणि त्या देशाबाहेरील अशा अगदी पहिल्या कार्यशाळांत तिची गणना होते. संगणकावरील आराखड्याबरहुकूम वस्तू घडविणे, हेच अशा कार्यशाळेचे काम.

रुग्णाची ओळख पुसलेली हृदयांची आलेखने अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संग्रहात अभ्यासासाठी खुली आहेत. महागड्या प्रिंटरवाचूनही, अशा कार्यशाळेत त्यांचे छेद पुठ्ठ्यावर लेझरने कापून क्रमाने चिकटविले, तर अलिंद कोठे संपते व निलय कोठे सुरू होते, हे नववीच्या मुलीस बोटाने चाचपून कळेल. जुन्नर-आंबेगावच्या शाळांना अशा कार्यशाळांशी जोडून देण्याची तजवीज जिल्हा परिषदेने अवश्य करावी. त्यासाठी लागणारा पुठ्ठा तर शाळेच्या दप्तरखान्यातही मुबलक सापडेल.