गॉगल कपाळावर का चढतो? संरक्षक चष्म्याचे मऊ, बदलता येणारे पॅड कसे असावे

तळेगाव, नवलाख उंबरे, कामशेत, लोणावळा या पट्ट्यात डोळे तपासणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला एक दृश्य ओळखीचे असते. एक डोळा रुमालाने दाबून धरलेला तरुण, सोबत घरचे कुणीतरी आणि ठरलेले वाक्य : "ग्राइंडिंग करताना काहीतरी उडालं." गॉगल घातला होता का, असे विचारले की उत्तर बहुधा 'नव्हता' असे येत नाही. "होता, पण कपाळावर होता," असे येते.

यामागे निष्काळजीपणा असतोच असे नाही. गॉगल टोचतो, घाम साचतो, काचेवर वाफ धरते, कपाळ ठणकते. दिवसभर असा त्रास सहन करत कुणी काम करत नाही. म्हणून या लेखात आपण काचेविषयी थोडे आणि काचेभोवतीच्या मऊ कडेविषयी, म्हणजे पॅडविषयी, जास्त बोलू. गॉगल डोळ्यांवर राहणार की कपाळावर जाणार, हे बहुतेक वेळा ते पॅडच ठरवते.

थोडक्यात महत्त्वाचे

• काच डोळ्याचे समोरून रक्षण करते. बाजूने, खालून आणि भुवईवरून येणारे कण पॅड अडवते.
• पॅड रुंद, मऊ, धुता येणारे आणि बदलता येणारे असावे.
• गॉगल काढल्यावर उमटलेला लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही, तर दाब जास्त आहे.
• एकाचे पॅड दुसऱ्याने वापरू नये.
• डोळ्यात कण रुतला तर सुई, काडी किंवा रुमालाच्या टोकाने काढू नये.

मावळात डोळ्यांना धोका कुठे?

पहिला धोका कारखान्यांत आणि वर्कशॉपमध्ये असतो. ग्राइंडर, कटर, लेथ, वेल्डिंग, छिन्नी-हातोडा यांतून धातूचे कण उडतात. ग्राइंडरचा कण गरम असतो. तो बुबुळावर चिकटतो आणि लोखंडाचा असेल तर भोवती गंजाचे कडे धरतो. छिन्नीवर हातोडा मारताना उडालेली किरची तर डोळ्याच्या आतही जाऊ शकते. अशा वेळी बाहेरून फार काही दिसत नाही, दुखतेही कमी, आणि म्हणून माणूस दोन दिवस घरीच थांबतो.

दुसरा धोका शेतात. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आलेला इंद्रायणी तांदूळ आज घराघरांत आहे. त्याच भाताच्या झोडणीत आणि मळणीत तूस, कुसळ, पेंढ्याचे पाते डोळ्यात जाते. ही जखम दिसायला किरकोळ असते, पण वनस्पतीच्या कणांबरोबर बुरशी आत येऊ शकते. तीन-चार दिवसांनी दुखणे कमी होण्याऐवजी वाढू लागते, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो. बुरशीचा हा जंतुसंसर्ग बरा व्हायला आठवडे लागतात आणि कधीकधी कायमचे फूल राहते.

तिसरा धोका बांधकामावर : सिमेंट, चुना, फरशी कापताना उडणारी धूळ. चुना डोळ्यात जाणे ही तातडीची परिस्थिती आहे. तंबाखूसाठी खिशात ठेवलेल्या चुन्याच्या पुडीने घरातल्या लहान मुलांचेही डोळे जातात, हे इथेच सांगून ठेवतो.

सगळा धोका पॅडने टळत नाही. तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली पैसा फंडातून काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी सुरू केलेल्या आणि लोकमान्य टिळकांचा पाठिंबा लाभलेल्या या फंडासाठी लोकांकडून पैसा-पैसा गोळा झाला होता. काचभट्टीवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना एक विशिष्ट मोतीबिंदू होतो, हे वैद्यकशास्त्राला जुन्या काळापासून माहीत आहे. त्याचे कारण तापलेल्या काचेतून येणारे अवरक्त किरण. ते मऊ पॅडने थांबत नाहीत. त्यासाठी योग्य छटेची, किरण गाळणारी काचच लागते. वेल्डिंगचेही तसेच. म्हणून आधी कामाला योग्य गॉगल निवडायचा आणि मग तो सुखकर करायचा. हा क्रम उलटू नये.

पॅड नेमके काय करते?

पहिले काम, फट बुजवणे. आपला चेहरा सपाट नसतो. नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि कानशिलाजवळ गॉगल आणि कातडी यांच्यात फट राहते. वरून येणारी धूळ भुवईवर आपटून तिथूनच आत घरंगळते.

दुसरे काम, भार पसरवणे. पट्ट्याचा ताण तेवढाच ठेवून पॅडची रुंदी दुप्पट केली, तर कातडीवरचा दाब साधारण निम्मा होतो. जीन्सचा अरुंद पट्टा आणि गादीचा पाठीवरचा पट्टा यांत जो फरक जाणवतो, तोच हा. अरुंद, कडक कड असलेला गॉगल म्हणूनच टोचतो. तो घट्ट केला की आणखी टोचतो, आणि सैल केला की फट पडते.

तिसरे काम, कपाळावरचा घाम डोळ्यात येऊ न देणे.

ही तिन्ही कामे एकाच प्रकारच्या फोमला नीट जमत नाहीत. यातूनच पॅड निवडण्याचा सगळा प्रश्न सुरू होतो.

त्रास कशामुळे होतो?

कपाळ ठणकणे : भुवईच्या आतल्या बाजूला बोटाने चाचपडा. हाडात एक छोटीशी खाच लागेल. तिथून कपाळाची संवेदना नेणारी नस वर जाते. पॅडची कड नेमकी तिच्यावर आली तर कपाळ दुखते. गॉगल काढल्यावर ही डोकेदुखी साधारण तासाभरात थांबते. थांबत नसेल तर कारण दुसरे असू शकते, ते तपासून घ्यावे.

नाकावर वळ आणि जखम : नाकाच्या दांडीवर कातडीखाली लगेच हाड असते, मध्ये मांस नाही. २०२० मध्ये कोविड वॉर्डात तासन् तास गॉगल आणि मास्क घालणाऱ्या परिचारिका आणि डॉक्टरांच्या नाकावरच्या जखमा आपण सर्वांनी फोटोंत पाहिल्या आहेत. लाल झालेल्या जागी बोट दाबून सोडा. जागा क्षणभर फिकी पडून पुन्हा लाल झाली तर ठीक. फिकी पडतच नसेल तर कातडीला इजा सुरू झाली आहे. मधुमेह असलेल्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

खाज आणि पुरळ : पॅडच्या आकाराचीच लाल, खाजरी पट्टी उमटत असेल, तर रबरातील किंवा निओप्रीनमधील रसायनांची अॅलर्जी असू शकते. फोम चिकटवलेल्या गोंदामुळेही ती होते. ही पुरळ वापरानंतर लगेच न येता एक ते तीन दिवसांनी येते, त्यामुळे कारण लक्षात येत नाही. पॅडचा प्रकार बदलला की फरक पडतो.

काचेवर वाफ : लोणावळ्याच्या पावसाळ्यात ही तक्रार सर्वांत जास्त. हवा आधीच ओलाव्याने भरलेली असते, घाम वाळत नाही, आणि चेहऱ्याजवळची उबदार दमट हवा थंड काचेवर धरते. भिजलेला फोम हा ओलावा आणखी वाढवतो. दिसेनासे झाले की माणूस गॉगल वर सरकवतो, आणि कण नेमका तेव्हाच येतो.

चांगले पॅड कसे ओळखाल?

• बंद छिद्रांचा फोम : पाणी शोषत नाही, पुसून स्वच्छ होतो, धूळ चांगली अडवतो. घाम मात्र टिपत नाही.
• उघड्या छिद्रांचा फोम (स्पंजसारखा) : मऊ असतो, घाम टिपतो, पण लवकर भिजतो, वास मारतो आणि त्यात जंतू वाढतात.
• सिलिकॉन : धुवायला सर्वांत सोपे, अॅलर्जी कमी. पण घामाने निसटते आणि त्याखाली कातडी ओली राहते.
• सुती टॉवेलच्या कापडाचे आवरण : कातडीला सर्वांत सुसह्य. रोज धुता येते.

धुळीच्या आणि घामाच्या कामासाठी जोडी अशी जमते : आत बंद छिद्रांचा फोम, वर काढता येणारे सुती आवरण. फोम फट बुजवतो, कापड घाम टिपते. कपाळाकडे पॅड थोडे जाड, नाकाकडे पातळ आणि जास्त मऊ असावे. हवा जाण्याच्या छिद्रांवर पॅड येता कामा नये.

पॅड बसवण्याची पद्धत खटक्याची किंवा वेलक्रोची असावी. कायमचे चिकटवलेले पॅड खराब झाले की पूर्ण गॉगल टाकावा लागतो. तो कुणी टाकत नाही, तसाच वापरतो. पॅड बदलता आले तर दोन जोड ठेवता येतात. जेवणाच्या सुट्टीत भिजलेले काढायचे, कोरडे लावायचे. पावसाळ्यात वाफेची निम्मी तक्रार एवढ्याने कमी होते, असा माझा अनुभव आहे.

घरी पॅड करावे का?

शेतातल्या मळणीसाठी, झाडलोटीसाठी किंवा धुळीच्या कामासाठी साध्या गॉगलला सुती आवरण शिवणे ठीक आहे. जुन्या स्वच्छ टॉवेलची दोन बोटे रुंद पट्टी घेऊन तिच्यात बारीक इलॅस्टिक घालून शिवली, की ती गॉगलच्या कडेवर चढते. शिवण कातडीकडे येऊ देऊ नका, आणि सुटे धागे कापून टाका.

पण ठिणग्या उडणाऱ्या कामाला घरचे पॅड वापरू नका. फोम आणि नायलॉनसारखे कापड गरम कणाने वितळून कातडीला चिकटते. तिथे त्याच गॉगलसाठी बनवलेले पॅडच लावावे. फ्रेमला भोक पाडणे, काचेवर गोंद लावणे, हवेची छिद्रे बुजवणे यांतले काहीही करू नये. त्याने गॉगलची धक्का सोसण्याची ताकद कमी होते. गॉगल घेताना आयएस ५९८३ हा भारतीय मानकाचा किंवा ईएन १६६ हा युरोपीय मानकाचा शिक्का पाहावा. पॅड सुटे मिळते का, हेही दुकानात त्याच वेळी विचारावे.

कारखान्यात काम करत असाल तर गॉगल मागणे म्हणजे मेहेरबानी मागणे नव्हे. उडणाऱ्या कणांपासून आणि तीव्र प्रकाशापासून डोळ्यांच्या संरक्षणाची तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमातच कलम ३५ मध्ये केलेली होती. "गॉगल टोचतो, पॅड बदलून द्या," असे सुरक्षा अधिकाऱ्याला मोकळेपणाने सांगा. न बोलता तो कपाळावर चढवण्यापेक्षा ते केव्हाही चांगले.

नीट बसला का, हे कसे तपासायचे?

१. गॉगल घालून आरशासमोर उभे राहा. घरच्या माणसाला बाजूने मोबाईलचा टॉर्च मारायला सांगा. उजेड कुठून थेट आत येतो ते पाहा. तिथे फट आहे.
२. डोके खाली-वर, डावी-उजवीकडे हलवा, तोंड उघडा-मिटा. गॉगल जागेवरून सरकू नये.
३. पंधरा मिनिटे घालून काढा. वळ कुठे उमटला ते पाहा. तो सगळीकडे सारखा आणि फिकट असावा. एकाच जागी खोल असेल तर तिथे पॅड कमी पडते आहे.
४. नंबरचा चष्मा असेल तर त्याच्यावरून बसणारा मोठा गॉगल घ्या. चष्म्याच्या काड्यांमुळे पॅड उचलले जाते, म्हणून काडीच्या जागी मऊ खाच असलेले पॅड निवडा.

स्वच्छता आणि बदल

रोज कामानंतर पॅड काढून साध्या साबणाने धुवा आणि सावलीत पूर्ण वाळवा. काच आधी वाहत्या पाण्याखाली धरा. कोरडी पुसली तर धुळीने ओरखडे पडतात. थिनर, पेट्रोल लावू नका, प्लास्टिकच्या काचेला तडे जातात.

दाबून सोडल्यावर फोम पुन्हा फुगत नसेल, चिरा पडल्या असतील, चिकट झाला असेल, वास किंवा काळे डाग असतील, तर पॅड बदला. तारखेची वाट पाहू नका.

गॉगल शक्यतो प्रत्येकाचा वेगळा असावा. २०२३ च्या जुलैमध्ये आळंदी आणि पुणे परिसरात डोळे येण्याची साथ पसरली होती. अशा साथीत शिफ्टनंतर हातोहात फिरणारा गॉगल टॉवेलइतकाच धोकादायक ठरतो. डोळे आले असतील तर बरे झाल्यावर जुने पॅड टाकून नवे लावा.

डोळ्यात काही गेलेच तर

• डोळा चोळू नका. स्वच्छ पाण्याने धुवा आणि उघडझाप करा.
• चुना, सिमेंट, अॅसिड गेले असेल तर आहे त्या जागी, लगेच, सलग पंधरा ते वीस मिनिटे भरपूर पाण्याने धुवा आणि मगच दवाखान्यात निघा. प्रवासात गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत.
• जोराने किरची लागली असेल, डोळ्यातून पाणी किंवा रक्त येत असेल, अंधुक दिसत असेल, तर डोळा धुऊ नका, दाबू नका. कागदी कप उलटा ठेवून झाका आणि तातडीने नेत्रतज्ज्ञांकडे जा.
• सोबत्याकडून सुईने कण काढून घेऊ नका.
• मेडिकलमधून स्वतःच्या मनाने थेंब आणू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर बुरशीचा संसर्ग झपाट्याने वाढतो.

दुखणे, लाली, उजेड सहन न होणे किंवा अंधुक दिसणे एक दिवसात कमी झाले नाही, तर उशीर करू नका. भाताचे पाते लागले असेल तर दुसऱ्या दिवशी बरे वाटले तरी एकदा दाखवून घ्या. नेत्रतपासणीची सोय तळेगावच्या डॉ. भाऊसाहेब सरदेसाई ग्रामीण रुग्णालयात आणि पुण्याच्या ससून रुग्णालयात आहे.

घरच्यांना एक विनंती. कामावरून आलेल्या माणसाचा डबा आपण आठवणीने धुतो. त्याच पाण्यात गॉगलचे पॅडही धुऊन वाळत टाका, आणि धुताना त्याच्या नाकावर, कपाळावर वळ आहे का तेही बघा. वळ दिसला तर "गॉगल घालत जा" असे बजावण्याआधी "कुठं टोचतो?" असे विचारा. टोचणारी जागा सापडली आणि पॅड बदलले, की गॉगल कपाळावरून खाली येतो.