संकेतस्थळावरचे कुलूपबंद कागद

माहितीचा अधिकार अधिनियम २००५ साली आला, तेव्हा शासनदरबारी कागद दाबून ठेवण्याचे दिवस संपले असे अनेकांना वाटले. आता बरेच कागद संकेतस्थळावर टाकले जातात. पण टाकला म्हणजे तो लोकांपर्यंत पोहोचला काय?

अनेक कार्यालयांत परिपत्रक संगणकावर टंकलिखित होते, त्याची छापील प्रत काढली जाते, सही-शिक्का होतो आणि तीच प्रत स्कॅन करून पीडीएफ म्हणून चढविली जाते. आपल्या डोळ्यांना त्यात अक्षरे दिसतात, पण संगणकाच्या लेखी तो निव्वळ फोटो असतो. त्यात शब्द शोधता येत नाही, की मजकूर उचलून अर्जात घेता येत नाही. अंध विद्यार्थ्याला मजकूर वाचून दाखविणारे 'एनव्हीडीए'सारखे सॉफ्टवेअर तिथे मुके होते. दुसरी तऱ्हा जुन्या फॉन्टची. युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत भलत्याच चिन्हांची खिचडी असते. 'शिष्यवृत्ती' हा शब्द टाकून शोधणाऱ्याला तो सापडणार कसा? त्यात फाइलचे नाव 'स्कॅन००१' आणि दुव्यावर फक्त 'येथे क्लिक करा'!

ज्याची कार्यालयात ओळख आहे, त्याला कागद फोनवर मिळतो. वसतिगृहाच्या यादीची वाट पाहणाऱ्या खेड्यातल्या मुलीला मात्र मुदत उलटल्यावर कळते. म्हणून हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही, हक्काचा आहे.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. माहिती अधिकाराच्या कलम ४ नुसार अभिलेख सूचीबद्ध ठेवणे आणि माहिती लोकांना सहज उपलब्ध होईल अशा रीतीने प्रसृत करणे बंधनकारक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ४२ इलेक्ट्रॉनिक माध्यमातील मजकूर सुगम स्वरूपात असावा असे सांगते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या नियमांतील नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरविला. सुगमतेची मानके ऐच्छिक नव्हे, बंधनकारक हवीत, हे त्यामागचे सूत्र. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात तर डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग मानला गेला.

उपाय खर्चिक नाहीत. मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित करून थेट पीडीएफ करावी आणि सही डिजिटल घ्यावी. शीर्षके नुसती ठळक न करता शीर्षक म्हणूनच नोंदवावीत. दस्तऐवजाची भाषा मराठी नोंदवावी, तक्त्याची शीर्ष-ओळ दाखवावी, चित्राला शब्दांत वर्णन जोडावे. फाइलच्या नावात आणि दुव्यात विषय व वर्ष असावे. शेजारी दोन ओळींचा गोषवारा द्यावा. जुन्या कागदांसाठी फोटोतील अक्षरे ओळखणारे 'टेसरॅक्ट' हे मोफत सॉफ्टवेअर मराठीही वाचते. मात्र ते चुका करते, म्हणून नंतर माणसाने मुद्रितशोधन केलेच पाहिजे.

हा नियम आपल्या संस्थांनाही लागू आहे. १९२० चा 'मूकनायक', १९२७ चा 'बहिष्कृत भारत' हा आपला वारसा. जुने अंक, ठराव, स्मरणिका यांचे नुसते फोटो चढवून थांबलो, तर उद्याच्या अभ्यासकाला त्यातले एक नावही शोधून सापडणार नाही.

कार्यकर्त्यांनी आता एवढे करावे. माहिती अधिकाराच्या अर्जात 'शोधता येईल अशा युनिकोड स्वरूपात' असे शब्द लिहावेत. कलम ७(९) नुसार माहिती सर्वसाधारणपणे मागितलेल्या स्वरूपातच द्यावी लागते. दिव्यांग बांधवांची अडवणूक होत असेल, तर राज्य दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करावी. जो कागद सापडत नाही आणि वाचता येत नाही, तो प्रसिद्ध झाला असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही कार्यालयाला नाही.